सव्वा इंचाचं दार

बंडप्पा मिस्त्रीनं जन्मात एकदाच काम उरकायचं म्हणून उरकलं. ते साल बहात्तरचं होतं, आणि त्याचा फटका बसला त्याच्या बायकोला, गिरिजाबाईला.

सास्तूरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. बंडप्पाच्या घरात आजा-पणजापासून सुतारकी. लाकूड हातात आलं की तो आधी ते उलटसुलट करून बघायचा, नखानं टोकरायचा, वास घ्यायचा, आणि मगच करवत लावायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. त्यानं भरलेलं गाडीचं चाक दहा वर्षं कुरकुरत नाही, असं आसपासच्या खेड्यांत बोललं जायचं.

पण त्या वर्षी पेरणीच झाली नाही, तर तिफणी कुणाला हव्यात? बैलं कुणी बाजारात नेली, कुणी छावणीत. गाड्या भिंतींना टेकवून ठेवलेल्या. दिवाळीपासून बंडप्पाच्या पडवीत भुसा पडला नव्हता. अशात गावच्या मजूर सोसायटीला नाल्यावर बांध घालायचं दुष्काळी काम मिळालं आणि सोसायटीचे चेअरमन आबाराव स्वतः दारात आले.

"मिस्त्री, टिकावाला आन् कुदळीला दीडशे दांडे पायजेत. आठ दिवसांत. लोकं कामावर येऊन उभी राहतील, त्यांच्या हातात काय देऊ?"

बंडप्पानं होकार दिला. बाभळीचं चांगलं लाकूड सव्वाशे दांड्यांना पुरलं. उरलेल्यांसाठी त्यानं ओढ्याकाठचं एक वाळलेलं झाड आणलं, ते गाठींनी भरलेलं निघालं. गाठीपाशी लाकडाचा धागा तुटलेला असतो. जोराचा हिसका बसला की दांडा तिथंच मोडतो. हे बंडप्पाला कुणी सांगायला नको होतं. त्यानं बरेच तुकडे बाजूला टाकले. पण आठव्या दिवशी सोसायटीची गाडी दारात उभी राहिली तेव्हा बारा दांडे कमी पडत होते. त्यानं बाजूला टाकलेल्यांतलेच बारा उचलले आणि गाठ असलेलं टोक लोखंडात ठोकून बसवलं. लोखंडाच्या आड गेलेली गाठ कुणाला दिसत नाही.

त्या बारांतला एक गिरिजाबाईच्या हाती आला.

निम्मं गाव नाल्यावर होतं, तशी तीही होती. जानेवारीतली सकाळ, ऊन नुकतं चढत होतं. मुरमाच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून ती टिकाव मारत होती, आणि दांडा लोखंडापाशी मोडला. आपल्याच जोरानं ती पुढे झोकांडली ती सरळ खड्ड्यात, दगडांवर. तिच्या जोडीला बौद्ध वस्तीवरची धुरपदाबाई होती. बाकीचे काय झालं, काय झालं म्हणेपर्यंत धुरपदाबाई खड्ड्यात उतरली, गिरिजाबाईला पाठुंगळी घेतलं आणि सडकेपर्यंत चालत नेलं. तिथून पाण्याच्या टँकरमधून उमरग्याच्या दवाखान्यात. गुडघ्याखालचं हाड दोन जागी मोडलेलं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर, आणि तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही.

उमरग्याहून परतल्यावर बंडप्पा घरी जायच्या आधी नाल्यावर गेला. मोडका दांडा ढिगावर पडला होता. त्यानं तो उचलला, गाठीतून निघालेली ढलपी बघितली, धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणला आणि चुलीत घातला. दांड्यात लोखंड नीट बसलं नसेल, असं लोक म्हणाले. त्यानं म्हणू दिलं.

लेक महादेवी आळंदहून आली, पंधरा दिवस राहिली. तिच्याही सासरी दुष्काळच होता, चार माणसांचं पाणी तीच लांबून आणायची, ती गेली. मग घरात दोघंच. बंडप्पा सकाळी उठून टँकरच्या रांगेत घागर ठेवायचा, रेशनच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापायचा. त्या कडांना चिरायच्या आणि तव्यावर टाकताना मोडायच्या. गिरिजाबाई खाटेवरून बघायची. ही बाई कधी एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आता ती आढ्याकडं बघत पडून राहायची, आणि त्यानं काही विचारलं तर "हं" म्हणायची.

आढ्यात मात्र तिला सोबत होती. घर जुनं माळवदाचं, लाकडाच्या तुळया, वर आडव्या काटक्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं फटी पडलेल्या, आणि त्या फटींत चिमण्यांची चार बिऱ्हाडं. इतकी वर्षं त्या तिथंच होत्या, पण त्यांच्याकडं बघायला वेळ कुणाला होता! आता तिला त्यांचं सगळं कळायला लागलं. कोणती आधी उठते, कुठला चिमणा दुसऱ्याच्या घरातली काडी पळवतो, मांजर उंबऱ्यात आलं की सगळ्यात आधी कोण ओरडतं. धुरपदाबाई कामावरून परत जाताना दारात बसायची, तिला गिरिजाबाई हे सांगायची. बंडप्पाशी न बोललेलं सगळं धुरपदाबाईशी बोलायची.

"आत ये की. उंबऱ्यात काय बसतीस?" एक दिवस ती म्हणाली.

"न्हाय, इथंच बरं हाय. वारं लागतंय."

"मला पाठीवर घेताना न्हाय बाहेर बसलीस. ये म्हणते ना."

धुरपदाबाई आत आली आणि खाटेजवळ बसली. त्यानंतर ती आतच बसायला लागली.

फेब्रुवारीत तुळईतून भुगा गळायला लागला. बंडप्पानं पटाशीनं टोचून बघितलं तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. वाळवीनं मधली तुळई आतून खाल्ली होती. वर एवढी माती, खाली खाटेवर हलता न येणारी बाई. थांबण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला खाटेसकट गोठ्यात हलवलं. धुरपदाबाईचा नवरा बलभीम मदतीला आला, आणि दोन दिवसांत माळवद उतरलं. सोसायटीच्या दुकानातले पत्रे आणून बंडप्पानं वर ठोकले, भिंतीतल्या फटी बुजवून गिलावा केला. वाळवीनं न खाल्लेल्या तुळया आणि वासे त्यानं मागं रचून ठेवले. त्यांची नवी चौकट करायची होती.

तुळई काढताना एक घरटं खाली आलं. गवत, कापसाचे पुंजके, कोंबडीची पिसं, आणि तीन अंडी. तिन्ही फुटली. बंडप्पानं ते चटकन फावड्यानं मातीत ओढलं, पण गोठ्याच्या दारातून गिरिजाबाईला दिसलं होतं. पाय मोडला तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता.

चिमण्या दोन दिवस येत राहिल्या. जिथं फट होती तिथं हवेतच फडफडायच्या, नव्या गुळगुळीत गिलाव्याला नखं लावायच्या, घसरायच्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. गिरिजाबाईची खाट परत घरात आणली तेव्हा तिथं आवाज उरला होता तो पत्रा तापताना होणाऱ्या टकटकीचा.

बंडप्पाला मनातलं बोलून दाखवता येत नसे. त्यानं मागच्या ढिगातून एक सागवानी फळी काढली आणि पडवीत बसला. चार दिवस रंधा चालला. पाचव्या दिवशी त्यानं जे तयार केलं ते बघायला शेजारपाजार जमला. सुबक पेटी, वर कळस, दाराला महिरप, दारापुढं चिमणीनं बसावं म्हणून गोल घासलेली दांडी. आतून-बाहेरून रंधा मारून आरशासारखी केलेली. गिरिजाबाईला खाटेवरून दिसेल अशी त्यानं ती पडवीच्या खांबाला टांगली.

गिरिजाबाईनं ती कळसापासून दांडीपर्यंत बघितली.

"देव्हारा केलाव," ती म्हणाली. "आत कुठला देव बसवायचा?"

पण ती बोलली होती. बंडप्पाला तेवढं पुरलं.

चिमण्या आल्या, बघून गेल्या. एक जोडी काड्या आणायला लागली. मग एक साळुंकी आली, बांगडीएवढ्या दारातून सहज आत शिरली आणि चिमण्यांच्या काड्या बाहेर फेकून दिल्या. दोन दिवसांनी साळुंकीही गेली, कारण मांजरानं शोध लावला होता की खांबावरून चढून त्या गोल दांडीवर एक पाय ठेवला की दुसरा पाय दारातून आत घालता येतो.

"म्या पडल्या पडल्या समदं बघितलंय," गिरिजाबाई म्हणाली. ती त्याच्याशी एवढं लांब महिन्यात बोलली नव्हती. "ती दांडी मांजरासाठी केलीया का? चिमणीला दांडी लागत न्हाय. ती भिंतीला लोंबकळती आन् आत शिरती. आन् दार एवढं कशाला? माळवदात फट किती होती? माझी दोन बोटं जात होती, तिसरं न्हाय."

"तू कधी घातलीस?"

"दर दिवाळीला सारवताना कोण हात घालत होतं तिथं? तुमी?"

त्यानं तिची दोन बोटं सुतानं मोजली. सव्वा इंच भरलं. ती पुढे म्हणाली, "आतून रंधा मारू नका. पिल्लू वर कसं चढंल? नखं कशात अडकवायची त्यानं?" चाळीस वर्षांत त्याला कुणी रंधा मारू नको म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या पेटीसाठी फळ्या कापून झाल्यावर त्यानं त्या जोडायच्या आधी तिच्या खाटेवर आणून ठेवल्या. तिनं एकेक हातात घेतली. पुढची, दार पाडायची फळी तिनं उजेडाकडं धरली, अंगठा फिरवला आणि थांबली.

"हितं गाठ हाय बघा. दार पाडताना हीच फुटंल."

बंडप्पा खाटेच्या कडेला बसला. फळी त्यानं घेतली नाही. म्हणाला, "टिकावाच्या दांड्यात पण होती."

"कुठल्या?"

"तुझ्या. मला दिसली होती. बारा कमी पडत होते. गाठ लोखंडात दडवली म्या. मागनं तो दांडा आणून जाळला."

बाहेर कुणीतरी रिकामी घागर घेऊन गेलं, तिचा दगडावर आपटल्याचा आवाज झाला. मग तिनं विचारलं, "बाराच होते?"

"बाराच."

"मंग अकरा अजून लोकांच्या हातात हायत."

त्यानं मान हलवली. दोन महिने तो रोज हाच आकडा मनात धरून झोपत होता.

"जावा," ती म्हणाली. "आणा परत." आणि तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडप्पा नाल्यावर गेला. तीनशे माणसं कामाला लागलेली, धूळ उडत होती. आबाराव मुकादमाशी बोलत उभे होते. बंडप्पानं त्यांना सांगितलं. आबारावांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, हळू बोला. झालं ते झालं. हळूच एकेक बदलून टाकू, कुणाला कळायचं पण न्हाय."

"तंवर एखादा मोडला तर?"

आबारावांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. बंडप्पा खड्ड्याच्या काठावर चढला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण जवळच्यांनी टिकाव थांबवले, मग त्यांच्या पुढच्यांनी, आणि हळूहळू सगळा नाला गप्प झाला.

"ज्यांच्या हातात माझे दांडे हायत त्यांनी जरा खाली ठेवा. अकरा दांडे खराब हायत. मला ठावं होतं. म्या दिले."

कुणी शिवी दिली, कुणी दोन दिली. तो एकेक टिकाव उचलून लोखंडाजवळ नखानं टोकरत, दगडावर आपटून आवाज ऐकत चालला. आपलं लाकूड त्याला लपणार नव्हतं. दुपारपर्यंत दहा सापडले. अकरावा धुरपदाबाईच्या हातात होता. तिनं तो दिला नाही, आधी त्याच्याकडं बघितलं.

"त्या दिवशी का न्हाय बोललाव?"

"भ्यालो."

"तिला सांगितलंव?"

"काल."

धुरपदाबाईनं टिकाव त्याच्या पायाशी ठेवला. "मंग तिच्याकडं जाते सांच्याला," ती म्हणाली आणि टोपली उचलून मातीच्या रांगेत गेली.

अकरा दांडे करायला चांगलं लाकूड गावात कुठं नव्हतं. होतं ते बंडप्पाच्या घरामागं रचून ठेवलेलं. चौकटीसाठी राखलेले वासे त्यानं करवतीखाली घेतले. साठ वर्षं घराचं ओझं पेललेलं लाकूड, त्यात एक गाठ नाही. तीन दिवसांत अकरा दांडे झाले, चौथ्या दिवशी त्यानं आणखी एक केला आणि तोही नेऊन दिला.

गिरिजाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो भाकरी करायचा, ती खायची. तो पाणी आणायचा, ती प्यायची. तिच्या वाट्याच्या तांब्यातलं थोडं पाणी ती मातीच्या फुटक्या, पसरट परळात ओतायची आणि धुरपदाबाईकरवी पडवीच्या कडेला ठेवून घ्यायची. शेजारच्या एकीनं, माणसांना पाणी न्हाय आन् ही पाखरांना पाजती, असं ऐकू येईल असं म्हटलं. गिरिजाबाईनं ऐकलं आणि परळ भरणं थांबवलं नाही. धुरपदाबाई रोज यायची. त्या दोघींत काय बोलणं झालं ते बंडप्पाला कळलं नाही. एकदा पडवीत त्याला एवढंच ऐकू आलं, "राग न्हाय जात गं. जाईल तवा जाईल." हे कोण म्हणालं, तेही त्याला ओळखू आलं नाही.

मार्च संपत आला होता. पत्रे दुपारी असे तापायचे की खाली बसवत नसे. प्लॅस्टरच्या आत गिरिजाबाईचा पाय खाजायचा, घामानं अंथरूण ओलं व्हायचं. नवव्या दिवशी दुपारी बंडप्पा पडवीत दुसरी पेटी जोडत होता. गाठ नसलेली फळी, सव्वा इंचाचं दार, आतून खरबरीत, दांडी नाही. वर त्यानं पत्र्याचा उरलेला तुकडा ठोकायला घेतला.

"ते काय करायलाव?" आतून आवाज आला.

हातोडी त्याच्या हातात तशीच राहिली. "वर पत्रा लावतो. पाऊस आत जाऊ नये म्हणून."

"पाऊस कुठाय? इकडं या. ह्या खाटेवर पडा दोन घटका."

"मी?"

"या म्हणते ना. मला भिंतीकडं सरकवा आन् पडा."

तो तिच्या शेजारी पालथा-उताणा कसाबसा पडला. वरून पत्र्याची धग तोंडावर येत होती, चुलीपाशी वाकल्यासारखी. तोंड कोरडं पडलं. थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. तो उठायला गेला तर तिनं दंड धरला.

"अजून थांबा. म्या दोन महिने पडलीया हितं." मग दंड सोडून म्हणाली, "माझ्या अंगावर कातडं हाय. त्या पिल्लांच्या अंगावर पीस पण नसतंय पहिले आठ दिवस. भाजून निघतील."

"मंग वर काय घालू?"

"माळवदात गार का राहत होतं? माती जाड होती म्हणून. तुमच्या पेटीवर माती न्हाय राहणार. दोन छपरं करा. एक फळी, वर बोटभर जागा सोडून दुसरी. मधनं वारं जाऊ द्या. आन् पडवीच्या उत्तरेच्या अंगाला टांगा, खांबाला न्हाय, भिंतीला. खांबावर मांजर चढतंय."

त्यानं तसं केलं. दोन्ही छपरं पुढं चार बोटं काढली, बुडाला वारं जायला बारीक चार भोकं पाडली. पेटी दिसायला काहीच नव्हती. ना कळस, ना महिरप. पण सांधा इतका घट्ट होता की त्यात कागद शिरला नसता. तिनं हातात घेऊन सगळीकडून दाबून बघितली आणि परत दिली.

ती भिंतीला टांगल्यावर बंडप्पा पडवीत परत बसला नाही. बैलगाडीला दोन माणसं लावून तो रानात गेला, गेल्या सालच्या तुरीच्या काड्यांचा भारा ओढून आणला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली बांबू बांधून त्या काड्या दाट रचल्या, पत्र्यात आणि काड्यांत वीतभर जागा ठेवून. त्यावर बारदान पसरलं. दुपारी गिरिजाबाईनं वर बघितलं, हात वर करून हवा चाचपून बघितल्यासारखं केलं. "हे आधी सुचलं असतं तर," ती म्हणाली. त्यानं ते कबूल केलं.

एप्रिल लागताच एक जोडी आली. चिमणा दाराला लोंबकळला, मान आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. चिमणी पत्र्याच्या कडेवर बसून ओरडत होती. मग ती आली आणि सरळ आत शिरली. गिरिजाबाईनं धुरपदाबाईचं मनगट घट्ट धरलं होतं.

त्या महिन्याच्या शेवटी प्लॅस्टर निघालं. पाय वाळक्या काठीसारखा झाला होता आणि दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड. बंडप्पानं तिच्या काखेत बसेल अशी कुबडी करून ठेवली होती. ती घेऊन गिरिजाबाई पहिल्यांदा पडवीत आली तेव्हा पेटीतून पिल्लांचा आवाज येत होता, तापलेल्या तव्यावर तेल तडतडावं तसा. ती पेटीच्या खाली अर्धा तास उभी राहिली. घामाघूम झाली, पण बसली नाही.

मे महिन्यात गावात चिमण्या मरून पडायच्या, शाळेच्या भिंतीखाली, पाराच्या कट्ट्यावर. पेटीतली चारही पिल्लं जगली. सोळाव्या-सतराव्या दिवशी एकेक करून निघाली. शेवटचं दारात तोंड काढून दोन दिवस बसलं होतं. चिमणी समोर अळी धरून बसायची आणि द्यायची नाही. ते उडालं ते थेट बंडप्पाच्या पगडीवर, तिथून गोठ्यात. गिरिजाबाई हसली. पोटातून, खाटेच्या आधीच्या दिवसांसारखी. बंडप्पा पगडी न हलवता तसाच उभा राहिला, पिल्लू कधीच गेलं होतं तरी.

तिनं त्याला माफ केलं का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पाय दुखायचा त्या दिवशी ती त्याच्याशी तुटक बोलायची. तो ऐकून घ्यायचा. पण त्यानंतर त्याच्या पडवीतून कुठलीही वस्तू तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर गेली नाही. लोक आधी हसले. पुढं पाऊसपाणी झालं, तिफणी यायला लागल्या, तेव्हा लोक स्वतःच विचारायला लागले, "बाईनं बघितलंय ना?"

जूनच्या सुरुवातीला धुरपदाबाई पडवीत घुटमळत होती. बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं.

"मिस्त्री, आमच्या घराला पहिल्यापासून पत्रंच हायत," ती शेवटी म्हणाली. "चिमणी कधी थाराच करत न्हाय. पोरी विचारत्यात, गिरिजामावशीकडं येत्यात, आपल्याकडं का येत न्हायत. एक करून द्याल?"

बंडप्पानं दोन केल्या. गिरिजाबाईनं दोन्ही तपासल्या. तो स्वतः त्या घेऊन वस्तीवर गेला. तिथली कामं त्यानं पूर्वीही केली होती, पण ती बाहेर लिंबाखाली बसून; वस्तू घेऊन जाणारा माणूस तिथंच येऊन घेऊन जायचा. या वेळी भिंत बघायची होती, ऊन कुठून येतं ते बघायचं होतं. तो घराभोवती फिरला, मग आत गेला, मागच्या दारानं बाहेर आला, पुन्हा आत गेला. बलभीमनं शिडी धरली. मुली एकमेकींना ढकलत खिळे देत होत्या. पेट्या लागल्यावर धुरपदाबाईनं चटई टाकली. बंडप्पा क्षणभर उभा राहिला, आणि मग बसला.

घरी परतला तेव्हा गिरिजाबाई पडवीत तांबडी ज्वारी पाखडत होती, पाय लांब करून.

"लागल्या का नीट?"

"व्हय. एक उत्तरेला, एक मागच्या अंगाला. शेजारचं छप्पर हाय, सावली राहील."

"मांजर?"

"मांजर न्हाय त्यांच्याकडं. एक कुत्रं हाय, त्याला चढता येत न्हाय."

तिनं सूप झटकलं. "चहा घेतलाव का तिच्याकडं?"

"घेतला."

"गुळाचा का साखरेचा?"

"गुळाचा. बिनदुधाचा."

"मंग चांगला असंल," ती म्हणाली, आणि खडा निवडून अंगणात टाकला.